तांब्याचे सहा डबे

नवा रिपीटर म्हणजे लाखाची बात. आमचं हौशी रेडिओवाल्यांचं मंडळ सहा जणांचं, त्यातले चार पेन्शनर. पण नानासोचा आवाज सांगलीत आणायचाच, हे मी ठरवून टाकलं होतं, आणि माझं एकदा ठरलं की घरात कुणी वाद घालत नाही.

नानासो माझा पलटणीतला दोस्त. कवठे महांकाळला आपल्या घरी अँटेना बांधताना खांबावरून पडला, तो दीड वर्षं अंथरुणात. भेटायला गेलेल्याशी बोलायचा नाही, भिंतीकडे तोंड करायचा. "बघून रडत्यात लेकाचे," एवढंच मला एकदा म्हणाला. रेडिओवर अंथरूण दिसत नाही. पण त्याच्या उशाशी ठेवलेल्या छोट्या संचाचा आवाज मधल्या डोंगराला अडायचा.

उपाय एकच. डोंगरावर दोन संच बसवायचे. एक ऐकणार, दुसरा तेच त्याच क्षणी जोरात बोलणार. याला रिपीटर म्हणतात. पुण्याच्या जुन्या बाजारात बंद पडलेल्या टॅक्सी कंपनीचे संच बत्तीसशेला मिळाले, ट्रकची जुनी बॅटरी सातशेला. घोडं अडलं फिल्टरपाशी. तो नसेल तर ऐकणाऱ्या संचाच्या कानात शेजारच्या संचाचाच आरडाओरडा. बाहेरून मागवायचा तर तीस हजार!

मग तांब्याच्या सहा उभ्या डब्यांचा फिल्टर कागदावर काढला. माझ्या बायकोनं, अनसूयानं, न मागता घरातला बंब पुढे ढकलला. "गॅसवर तापतं पाणी," म्हणाली. आप्पासो तांबटानं तो मोडून आठ दिवसांत डबे दिले. आतून पांढरेशुभ्र.

"हे काय केलंत?"

"कल्हई केली की! तांब्याचं भांडं बिनकल्हईचं कोन देतंय? तिचं पैसं न्हाई धरलं."

फिल्टरला आतून निखळ तांबं लागतं. अंगाचा तिळपापड झाला, पण त्या भल्या माणसाला काय बोलणार? यात आमटी ठेवायची नाही, हे मीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या तांब्याला पैसा नव्हता. मी आणि अनसूया पॉलिश पेपरनं कल्हई घासून काढायला बसलो. अकरा दिवस. बोटांची सालं निघाली.

"नानासो भावजींना सांगू नका, हसतील," ती म्हणाली.

"हसला तर बरंच की."

रिपीटरची सरकारी परवानगी आली, डोंगरावर पेटी बसली. मी सांगलीत गच्चीवरून हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. संध्याकाळपर्यंत मारत राहिलो. अनसूयानं चहा वर आणून दिला, 'पुरे' म्हणाली नाही.

"कुटनं बोलतोयस?"

नानासोच! स्वच्छ, शेजारी बसल्यासारखा.

"गच्चीवरनं."

"काय दिसतंय?"

मी सांगत गेलो. नदीला पाणी कमी आहे, घाटावर म्हशी धुतायत, समोरच्या गच्चीत बनुबाई मिरच्या गोळा करतेय. सांगता सांगता रडू फुटलं. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून मी बोलायचं बटण सोडलं.

"गप का बसलास रं?" नानासो म्हणाला. "बोल की गड्या. ऐकाय लागलोय."