कृष्णातची चौऱ्याऐंशी उत्तरं

दुपारच्या सामसुमीत मोरीतला नळ खाकरला. एकदा, दोनदा, मग घशात काही अडकल्यागत थांबला. निशिगंधा पाय न वाजवता उठली, नळाखाली बादली सरकवली आणि धारेचा आवाज होऊ नये म्हणून तोटीला फडकं बांधून आली. पलंगावर राजनंदिनी एक पाय भिंतीला टेकवून झोपली होती. पाच वर्षांच्या पोरीची दुपारची झोप म्हणजे परक्याच्या झाडाची सावली. आहे तोवर बसून घ्यावं.

शनिवारचं काम घरून करायची तिला मुभा होती. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पंपाचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना होता, तिथं ती भरतीचं काम बघायची. आज पाचच्या आत विश्वजित सरांना सहा नावं पाठवायची होती. पाच नावं झाली होती. सहावं कोडोलीच्या कृष्णातचं. मशीनवरून उतरलेला माल तपासायच्या जागेसाठी त्याचा अर्ज होता, लेखी परीक्षेत तो पहिला आला होता. पण नावापुढं तांबडा ठिपका होता.

हा ठिपका नव्या टेस्टचा. यंदापासून कंपनीनं उमेदवाराचा स्वभाव मोजायला घेतला होता. मोबाइलवर चौऱ्याऐंशी वाक्यं यायची, प्रत्येकाखाली 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत पाच खुणा. तांबडा ठिपका म्हणजे उत्तरांत मेळ नाही, गडी खरं बोलत नाही. असं नाव यादीतून जायचं, आणि वर्षभर त्याला परत अर्ज करता यायचा नाही.

नाव खोडायचं म्हणून तिनं फाइल उघडली आणि वाचतच बसली.

बाराव्या वाक्याला, 'मी शांत स्वभावाचा आहे', पूर्ण सहमत. सत्तेचाळिसाव्याला, 'मला पटकन राग येतो', तिथंही पूर्ण सहमत. 'मला लोकांत मिसळायला आवडत नाही', सहमत. 'मला भरपूर मित्र आहेत', सहमत, आणि तेही खूण चार वेळा बदलून. लबाड माणूस इतका घोळ कशाला घालेल? लबाडाची उत्तरं कशी इस्त्री केलेली असतात.

मग तिनं वेळ बघितली. बाकीच्यांना वीस-पंचवीस मिनिटं लागली होती, ह्याला तीन तास दहा मिनिटं. एकतिसाव्या नि बत्तिसाव्या वाक्याच्या मध्ये तर पाऊण तास काहीच नाही. संध्याकाळी साडेपाच ते सव्वासहा. निशिगंधाच्या माहेरी दोन म्हशी होत्या. साडेपाच म्हणजे धारा काढायची वेळ, एवढं तिला कुणी सांगायला नको होतं.

उमेदवाराला असा फोन करायची रीत नव्हती. पण तिला राहवेना.

"कृष्णात बोलताय का? मी कंपनीतून बोलतेय. ती टेस्ट तुम्ही एकट्यानंच सोडवली ना?"

पलीकडं म्हैस हंबरली. मग लांबून एका बाईचा आवाज, "कोण हाय रं?"

"कंपनीच्या म्याडम हाईत. न्हाय म्याडम, एकट्यानं न्हाय. घरात समद्यास्नी वाचून दाखवली."

"वाचून दाखवली?"

"व्हय की. वाक्य वाचायचं, समदी सांगतील तशी टिक करायची. शांत हाय का म्हटल्यावर आई म्हणाली, माझ्या लेकरावानी शांत पोरगं गावात न्हाय. फुडं रागाचं आलं, तवा आई डेअरीवर दूध घालाय गेलती. मोना म्हणाली, मॅच हारल्यावर बॅट कोण फेकतंय मग?"

"बॅट न्हाय, स्टंप," मागून एक पोरगी म्हणाली. "नीट सांग की म्याडमना."

"ही बहीण माझी, मोना."

निशिगंधानं हसू दाबलं. "पण प्रश्न तुमच्याबद्दल होते ना?"

"म्हणून तर. आपलं आपणच कसं सांगायचं म्याडम?"

तेवढ्यात फोन त्याच्या आईनं घेतला. "मी कृष्णातची आई. आक्का म्हणत्यात मला. आता मला सांगा, सोयरीक बघाय जातोय आपण, तवा पोराला इचारतोय का, बाबा तू कसा हाईस? त्यो चांगलाच हाय म्हणंल. आपण शेजारी इचारतोय, डेअरीवर इचारतोय. चारचौघं सांगत्यात त्ये खरं. आमी तर शेजारच्या संयोगितालाबी बलिवलं हुतं. तिचं नि आमचं पटत न्हाय, म्हटलं ही तरी खरं सांगंल."

"काय म्हणाल्या त्या?"

"मित्र लई हाईत म्हणाली. दारात कालवा करत्यात म्हणाली. त्यावर आमच्या ह्यांचं नि तिचं वाजलं, मग ती टिक चारदा बदलली."

निशिगंधानं फोन परत कृष्णातकडं द्यायला सांगितला. "एकही उत्तर तुमचं स्वतःचं नाही?"

दार सरकल्याचा आवाज आला, मग साखळीची किणकिण. कृष्णातचा आवाज खाली उतरला. "एक हाय. साठावं."

तिनं बघितलं. 'माझ्याकडून चूक झाली तर मी ती लपवतो.' पूर्ण सहमत.

"घरातली म्हणाली, आमचा पोरगा तसला न्हाय. म्या काय बोललो न्हाय. गोठ्यात आलो नि टिक केली."

"का?"

"लपिवलीया म्याडम. कॉलेजच्या वर्कशॉपला एक नग माझ्या हातनं बिघडला. कुणी बघायच्या आत दुसऱ्याच्या ढिगात सारला. मार्क त्याचं गेलं. घरात ठावं न्हाय कुणाला."

निशिगंधानं फोन ठेवला आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. जूनमध्ये कंपनीतल्या सगळ्यांनी ही टेस्ट देऊन बघितली होती. ह्याच वाक्याला तिनं डोळ्याची पापणी न लववता 'पूर्ण असहमत' केलं होतं, ठिपका हिरवागार आला होता. त्याच आठवड्यात राजनंदिनीला ताप होता, यादी उशिरा गेली, आणि तिनं सरांना सांगितलं होतं की नेट गेलं होतं. मुलगी आजारी हे कारण त्या महिन्यात दोनदा सांगून झालं होतं.

तिनं विश्वजित सरांना फोन लावला.

"सर, सहावं नाव मी ठेवतेय."

"अहो, तांबडं आलंय ना ते?"

"टेस्टनं चूक काही सांगितलं नाही, सर. एका माणसाची उत्तरं वाटत नाहीत म्हणतेय. ती नाहीतच. पाच जणांची आहेत." तिनं सगळं सांगितलं.

सर हसले. "मग पाचही जणांना घेऊया. आईला कँटीनला टाकू." मग त्यांनी फाइल उघडून साठावं उत्तर वाचलं आणि हसू थांबलं. "मॅडम, हा स्वतःच म्हणतोय लपवतो म्हणून. अन् आपण त्याला माल तपासायला ठेवायचं?"

"दोनशे सोळा जणांनी टेस्ट दिली, सर. लपवतो म्हणणारा हा एकटाच."

सर म्हणाले, "सोमवारी दहाला बोलवा. मोबाइल काढून घ्या, माझ्या केबिनमध्ये एकटा बसवा, माझ्या कॉम्प्युटरवर परत घ्या टेस्ट. हिरवं आलं तर घेऊ. तांबडं आलं तर मग माझ्याशी वाद घालायचा नाही."

राजनंदिनी कधी उठली कळलं नाही. केस गालाला चिकटलेले, ती येऊन मांडीवर बसली. तिला एका हातानं धरून, फोन स्पीकरवर टाकून निशिगंधानं कृष्णातला सोमवारचं सांगितलं.

"साठाव्याला काय करू म्याडम?"

"ते मी सांगायचं नसतं."

"आणि बाकीच्या? तिथं इचाराय कोणच नसणार."

"कुणी नसताना तुम्ही जसे असता ना, तसं करा."

"एकटा असल्यावर मी कसा असतोय," कृष्णात सावकाश म्हणाला, "कवा बघितलंच न्हाय म्याडम. दोन दिस हाईत. बघतो." आणि त्यानं फोन ठेवला.

निशिगंधानं यादीत सहावं नाव लिहिलं. पाचला दहा मिनिटं होती. मांडीवरची पोर तोंडात अंगठा घालून फोनकडं बघत होती, मग तिनं अंगठा बाहेर काढला.

"आई, तू एकटी असलीस की कशी असतीस गं?"