कमळाकर सरांची फायनल

भाईंदरच्या त्या छोट्या कॉलेजात कमळाकर सर फुटबॉल शिकवायचे आणि बास्केटबॉलही. पगार मात्र एकच, आणि नोकरी हंगामी. फुटबॉलची टीम शेजारच्या मुर्धा गावातल्या कोळ्यांच्या पोरांची. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असत, पोरं रिकामी, त्यामुळे खेळ असा रंगायचा की बघत राहावं. नारळी पौर्णिमा झाली की सगळी दर्यावर. मग हिवाळ्यातल्या बास्केटबॉलला कारकुनांची चष्मेवाली मुलं उरायची, आणि सर हरून मुकाट घरी जायचे. बासष्टपासून हेच चाललं होतं.

सत्तरनंतरच्या एका पावसाळ्यात टीम फायनलला पोचली. "कप आणा, तुम्हाला कायम करतो," प्राचार्य म्हणाले. सरांना जेवण गोड लागेना. मैदानात घोटाभर चिखल बघून ते घाबरले आणि त्यांनी स्वतःच खटपट करून मॅच पुढे ढकलून घेतली. अहो, ती पोरं खाडीकाठच्या खाजणात, चिखलातच वाढलेली! चिखलात त्यांना कोण हरवणार होतं? नवी तारीख पडली ती नेमकी नारळी पौर्णिमेनंतरची. इतकी वर्षं कोळ्यांत काढून या माणसाने पंचांग बघितलं नव्हतं.

सर धावत मुर्ध्याला गेले. कॅप्टन लवू बापाच्या होडीत जाळं भरत होता.

"सर, तुमी थांब बोललात तर आमी समदी थांबू," लवू म्हणाला. "पन बापाकडं दुसरा मानूस न्हाय. होडी किनाऱ्यालाच राहील."

धाकू, त्याचा बाप, दोर गुंडाळत राहिला. 'थांब' हा शब्द सरांच्या ओठांवर आला होता.

"मॅच रद्द झालीय," ते म्हणाले. "जा तू."

फायनलला चष्मेवाली मुलं उतरली. एकाने तर सवयीने बॉल हातातच झेलला. पुरता धुव्वा उडाला, आणि दिवाळीआधी सरांची नोकरी गेली.

सामान बांधत असताना लवू दारात आला. हातात टोपली, वर केळीचं पान, खाली पापलेटं.

"मॅच झाली, ते कललं आमाला," तो खाली बघत म्हणाला. "ह्यो तुमचा वाटा."

"माझा कसला वाटा? मी कुठे आलो होतो दर्यावर?"

"ज्याचा मानूस होडीवर, त्याला वाटा. बा बोलला, लवू सरांचा मानूस हाय."

सरांनी टोपली दोन्ही हातांनी घेतली आणि ते उंबऱ्यातच रडायला लागले.