दह्याचा पुड

मी तीन पुडांचा पितळी डबा. आज या खुंटीवर टांगलेला दिसतो आहे, पण एके काळी रोज एसटीनं नागपूरला जाऊन येत होतो. खरं नाही वाटत? गावातल्या पोरांनाही वाटत नाही. बढाई मारायची मला थोडी सवय आहे हे कबूल, पण ही बढाई नव्हे.

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या कारागिरांनी मला ठोकून ठोकून घडवलं, आतून कल्हई केली आणि सुभद्राबाईच्या लग्नात मी तिच्या माहेराहून नरखेडकडच्या या गावी आलो. माझा खालचा पुड खोल, तो पोळ्यांचा. मधला भाजीचा. वरचा उथळ, चटणी-लोणच्याचा. रुपराव, म्हणजे सुभद्राबाईचे यजमान, संत्र्याच्या बागेत असायचे आणि मी दुपारी त्यांची भाकर घेऊन जायचो. ते दिवस बरे होते, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही.

त्रेसष्ट साली त्यांचा एकुलता एक रविंद्र नागपूरला इंजिनिअरिंगला गेला. तिथल्या महाल भागात तीन मित्रांबरोबर खोली घेऊन राहिला. खानावळीचं जेवण त्याच्या अंगी लागेना. दिवाळीत घरी आला तर गालफडं बसलेली. सुभद्राबाईनं लगेच मला घासून लख्ख केलं आणि सकाळच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती दिलं.

हे कंडक्टर म्हणजे नत्थूजी. आमच्या रस्त्यावरच्या पाच-सहा गावांतून शिकायला गेलेल्या पोरांचे डबे तेच न्यायचे. ड्रायव्हरच्या मागे आम्ही ओळीनं बसायचो. गाडी अकराला नागपूरच्या स्टँडवर लागे. जेवणाच्या सुटीत रविंद्र सायकलनं येऊन मला घेऊन जाई आणि चारच्या परतीच्या गाडीत आणून ठेवी. खोलीत माझ्यावर चौघं तुटून पडायचे. एकाला ठेचा हवा असायचा, दुसऱ्याला भरली वांगी. रविंद्रच्या वाट्याला कधी कधी वासच यायचा, पण तो हसायचा.

त्याची एक खोड होती. जेवण झालं की माझे पुड तो हटकून चुकीचे लावायचा. उथळ पुड मध्ये आणि भाजीचा वर. मला अगदी लाजल्यासारखं व्हायचं. संध्याकाळी गाडी गावात आली की सुभद्राबाई मला हातात घेऊन नत्थूजींना म्हणायची, "पाहा गा भाऊ, इंजिनेर होऊन राहिला अन् याले तीन पुड लावता येत नाही!" पण ते म्हणताना तिचा चेहरा फुललेला असायचा. पुड उलटे म्हणजे पोरगा जेवला, एवढं तिला त्यावरून कळायचं.

परीक्षेच्या दिवशी मात्र दुपारच्या पेपरआधी खायला वरच्या पुडात दही असायचं. घरून निघताना हातावर दही द्यायचं, ते तिला देता येत नव्हतं, म्हणून माझ्यातून पाठवायची. चार वर्षं एकही परीक्षा तिच्या दह्याशिवाय गेली नाही.

रविंद्र पास झाला आणि त्याला पश्चिम जर्मनीतल्या एका कारखान्यात दोन वर्षांच्या प्रशिक्षणासाठी बोलावणं आलं. महालातली खोली रिकामी होऊ लागली. ड्रॉइंगचा बोर्ड खालच्या वर्गातल्या एकाला गेला, सायकल दुसऱ्याला. मित्र एकेक करून आपापल्या गावी निघून गेले. शेवटचे आठ दिवस तो माझ्यासमोर एकटाच जेवला. भाजी उरायची. ती तशीच परत न्यायला मला फार वाईट वाटायचं.

निघायच्या आधी तो घरी येऊन गेला. रुपराव बैलगाडीवरून पडून पाय मोडून खाटेवर होते. त्यांना सोडून सुभद्राबाईला नागपूरला जाता येत नव्हतं.

"मी काही टेसनावर येऊ शकत नाही, बाबू," ती म्हणाली. "पण त्या दिवशी डबा पाठवतो. माह्या हातचं दही खाल्ल्याबिगर गाडीत बसू नको."

"नाही बसत, माय," रविंद्र म्हणाला. "तुया डब्याची वाट पाहीन."

त्या दिवशी तिनं पहाटेच पुरणपोळ्या केल्या. वरच्या पुडात दही, त्यावर साखर. रविंद्रची मुंबईची गाडी अडीचला होती. आमची एसटी अकराला पोचणार होती. साडेतीन तास हाताशी होते.

काटोलच्या पुढं एसटी बंद पडली. इंजिनातून वाफ निघाली आणि ती रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. नत्थूजी मला कवटाळून रस्त्यात उभे राहिले, येणाऱ्या प्रत्येक ट्रकला हात दाखवत होते. एकही थांबला नाही. शेवटी इंजिन थंड होऊन गाडी चालू झाली आणि आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा सव्वातीन झाले होते.

तिथला पानवाला म्हणाला, "दोन वाजून गेले तरी बसूनच होता तो पोरगा. मंग पळतच गेला."

नत्थूजी बाकावर बसले. "आता त्या बाईले काय सांगू मी?" असं ते मलाच विचारत होते. मग त्यांनी मला उघडलं आणि ते जेवू लागले. भूक नव्हतीच. एकेक घास पाण्याबरोबर ढकलत होते. शेवटी दही हातावर घेतलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. नळावर मला स्वच्छ धुतलं आणि पुड नीट लावले. खाली खोल, मग भाजीचा, वर उथळ. भला माणूस, पण त्याला ती खोड ठाऊक असूनही परतीच्या गाडीच्या घाईत आठवली नाही. मी ओरडून सांगितलं असतं. पण मी पडलो डबा.

सुभद्राबाई वाटच पाहत होती. "जेवला का गा, भाऊ?"

"जेवला ना वं बाई. दही त बोटं चाटून खाल्लं त्यानं."

तिनं मला हातात घेतलं. तिची बोटं माझ्या पुडांवरून वरपासून खालपर्यंत फिरली आणि थांबली. मग ती म्हणाली, "बरं झालं, भाऊ. लय उपकार झाले तुमचे."

घरी रुपरावांनाही तिनं तेच सांगितलं. मग स्वयंपाकघरात जाऊन मला मांडीवर घेतलं आणि तोंडात पदर धरून रडली. पुष्कळ रडली. शेवटी डोळे पुसले, माझी कडी काढली आणि स्वतःच्या हातांनी माझे पुड चुकीचे लावले. तसंच मला या खुंटीवर टांगलं. पुन्हा कोणाला हात लावू दिला नाही.

महिन्यानं रविंद्रचं पत्र आलं. तिला वाचता येत नव्हतं. रुपराव मोठ्यानं वाचू लागले आणि मध्येच अडखळले. कागदावर काय होतं ते मला त्या दिवशी कळलं नाही. त्यांनी वाचलं ते असं: "डबा मिळाला, पोटभर जेवलो." सुभद्राबाई खाली मान घालून गहू निवडत होती. "हो ना," ती म्हणाली, "नत्थूजीनं सांगतलं होतं मले."

दोन वर्षांची सात झाली. कारखान्यानं त्याला ठेवून घेतलं. पत्रं यायची, फोटो यायचे, तो येत नव्हता. चौऱ्याहत्तर साली सुभद्राबाई तापानं गेली. तो पोचला तेव्हा तेरवीही होऊन गेली होती.

"बाबा," तो म्हणाला, "तो शेवटचा डबा मले भेटला नाही, हे लिहिलं होतं मी. मायले लय वाईट वाटलं असन."

"तिले म्या कळूच देलं नाही," रुपराव म्हणाले. "वाचताना बदलून वाचलं. नत्थूजीच्या बोलन्यावरच भरोसा ठेवून गेली बिचारी."

रविंद्रची नजर माझ्याकडे गेली. त्यानं मला खाली काढलं आणि पाहतच राहिला. "हा कोनं लावला?"

"तिनंच. त्याच दिवशी."

"पण मी त याले हातच नव्हता लावला, बाबा." त्यानं माझ्या उलट्या पुडांवर बोट ठेवलं. "तिले सारं माहीत होतं."

रुपराव भिंतीला टेकले. सात वर्षं आपण तिला सांभाळलं असं त्यांना वाटत होतं.

जाण्याच्या दिवशी रविंद्रनं मला घासलं आणि माझे पुड लावले. आयुष्यात पहिल्यांदा अगदी नीट. खाली खोल, मध्ये भाजीचा, वर दह्याचा. मला खुंटीवर टांगून तो निघून गेला. त्याच्या हातावर दही ठेवायला कोणी नव्हतं.

आता माझी कल्हई उडाली आहे. नवी करून द्या असं मी म्हणत नाही. या घरात कोणी आलंच, तर एवढंच करा. माझी कडी काढा आणि माझे पुड पुन्हा चुकीचे लावा.