बाद केलेले एक्केचाळीस

मी पस्तीस वर्षं मोजमाप शिकवलं. कापडाचं किंवा जमिनीचं नव्हे, तर माणसातलं जे डोळ्यांना दिसत नाही त्याचं: हुशारी, वेदना, परावलंबन. प्रश्न विचारायचे आणि उत्तरांवरून आकडा काढायचा. पहिल्याच तासाला मी फळ्यावर शिडी काढायचो. खालच्या पायरीवर सोपं काम, वरच्या पायरीवर अवघड. ज्याला वरची पायरी जमते त्याला खालची जमणारच. एवढं कळलं की अर्धा विषय कळला, उरलेला अर्धा परीक्षेपुरता, असं म्हणायचो. पोरं हसायची.

एकाने विचारलं होतं, "सर, एखाद्याला वरची जमली आणि खालची नाही जमली, तर?"

"तर तो थापा मारतोय, नाहीतर झोपेत फॉर्म भरलाय. त्याचा कागद बाजूला काढ. चार नासक्या बटाट्यांपायी अख्खं पोतं कशाला नासवायचं?"

विचारणारा होता दशांश. किती वाजले विचारलं तरी चार दशांश स्थळांपर्यंत सांगेल असा पोरगा, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. पुढे तो एका कार्यालयात साहेब झाला. ज्यांना घरी एकट्याने निभत नाही त्यांना मदतनीस द्यायची की नाही, हे ते कार्यालय ठरवायचं. त्यासाठी दशांशने बारा प्रश्नांची शिडी केली. चमचा धरणं सगळ्यात खाली, जिने चढणं सगळ्यात वर. चाचणीसाठी सहाशे माणसांचे फॉर्म भरून घेतले आणि गठ्ठा घेऊन माझ्याकडे आला.

"सर, एक्केचाळीस बसत नाहीत. यांचं काय करू?"

मी पेपर वाचत होतो. मान वर न करता म्हणालो, "शिकवलंय ना?"

ते एक्केचाळीस काढल्यावर आकडे असे काही स्वच्छ आले की बघत राहावं. अहवालावर माझी सही होती. ती प्रत मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत असे.

आता ताईचं सांगतो. माझी थोरली बहीण. जन्मभर टायपिस्ट. माझ्या प्रबंधातले दोनशे तक्ते तिने नोकरी सांभाळून टाइप केले. प्रत्येक पान काढलं की समोर धरायची आणि विचारायची, "बघ रे, बरोबर आहे ना?" गेल्या वर्षी मानेतल्या नसा दबल्या आणि कोपरापासून खाली तिचे दोन्ही हात गेले. आता ते परत येणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. पाय मात्र ठणठणीत. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, लिफ्ट नाही. रोज संध्याकाळी खाली उतरून गल्लीला दोन चकरा मारायची आणि न थांबता वर यायची. पण दाराची किल्ली शेजारीण फिरवायची, आणि घास मी भरवायचो. मी सत्तरीचा, दोन बस बदलून रोज जाणारा. मदतनीस मिळाली नाही तर तिला घर सोडून संस्थेत जावं लागणार होतं.

तिने अर्ज केला. उत्तर आलं: उत्तरं परस्परविसंगत, अर्ज बाद.

ताईने विचारलं, "म्हणजे मी खोटारडी?"

मी तरातरा दशांशच्या कार्यालयात गेलो. मला बघताच तो उठून उभा राहिला, खुर्ची पुढे केली.

"सर, तो फॉर्म मी स्वतः पाहिला. बाई तीन जिने चढतात आणि चमचा धरता येत नाही म्हणतात."

"अरे, ती माझी बहीण आहे! हात गेलेत तिचे. डॉक्टरांचा कागद आहे माझ्याकडे."

त्याचा चेहरा उतरला. "कागद जोडायला फॉर्ममध्ये जागाच नाही, सर. डॉक्टर भावनेच्या भरात लिहितात, असं तुम्हीच म्हणाला होतात."

म्हणालो होतो खरा.

"ते एक्केचाळीस कोण होते रे?"

"नावं लिहून ठेवली नव्हती. नुसते क्रमांक होते."

त्याने उठून केबिनचं दार लोटलं. मग तो म्हणाला, "पद्धतीत चूक झाली असं तुम्ही सहीनिशी लिहून द्या. समिती नेमावीच लागेल. नियम बदलेल, पण वर्ष जाईल." आणि आवाज खाली आणून म्हणाला, "नाहीतर पुन्हा अर्ज करा. जिनेही जमत नाहीत, असं सांगू द्या त्यांना."

घरी येऊन मी पत्र लिहिलं. माझी चूक झाली, इथपर्यंत पेन सरळ चाललं. सहीपाशी अडलं. पस्तीस वर्षांची अब्रू एका कागदात घालवायची? पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ताईकडे गेलो. माझ्या आयुष्यातला तो शेवटचा वर्ग.

"खुर्चीतून उठता येतं का?"

"येतं की."

"नाही म्हणायचं, ताई."

ती कडवट हसली. "गुरूची विद्या गुरूला! खरं बोलले तेव्हा खोटारडी ठरले. आता खोटं बोलायला तूच शिकव."

दुसऱ्या अर्जावर कार्यालयाच्या तपासनीस बाई आल्या. ताई खुर्चीतून उठली नाही. फॉर्म चपखल बसला आणि महिन्याभरात मदतनीस यायला लागली. चांगली मुलगी आहे. भरवते, वेणी घालते. पण तपासनीस बाई न सांगता कधीही येतात. ताईने खाली जाणं बंद केलं. कुणी पाहिलं तर सगळंच जायचं. संध्याकाळी खिडकीशी बसून गल्ली बघायची. थोडे दिवस काढ, असं मी म्हणत राहिलो.

थोड्या दिवसांचे आठ महिने झाले. परवा कार्यालयाला सुट्टी होती. म्हटलं, चल, आज एक चक्कर मारू. माझ्या खांद्याचा आधार घेऊन ती उठली. सहाव्या पायरीवर तिचे पाय लटपटले आणि ती मटकन खाली बसली. "नाही रे जमत," म्हणाली. मी आणि शेजारणीने तिला कसंबसं वर आणलं. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेने कुणाचे पाय परत येत नाहीत.

काल तपासनीस बाई फेरतपासणीचा फॉर्म भरायला आल्या. शेवटचा प्रश्न आला, जिने चढता येतात का.

"नाही," ताई म्हणाली.

मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "बघ रे, बरोबर आहे ना?"

बाई पेन धरून थांबल्या होत्या. मी मान डोलावली.