तुझी ताटली राहिली होती

मित्रांनो, मी एक जुनी ताटली आहे. पांढऱ्या इनॅमलची, निळ्या काठाची. काठावर एका जागी टवका उडाला आहे. मी कोणाची, हे मात्र विचारू नका. ते मलाच अजून नीट उमगलेलं नाही.

बोस्नियातल्या झेनित्सा गावात एका चार मजली इमारतीत माझं आयुष्य गेलं. बाजारातून मला आणलं ते चौथ्या मजल्यावरच्या वेरित्साने. पुढे ती कामासाठी ऑस्ट्रियात ग्राट्सला निघाली. निघायच्या दिवशी तिने चेरीचा केक केला आणि तिसऱ्या मजल्यावर, समोरासमोरच्या दोन दारांमध्ये असलेल्या स्टुलावर केकसकट मला ठेवलं. दोन्ही घरं बंद होती. तिची बस चुकायला आली होती, ती तशीच गेली.

त्यातल्या एका घरातली रासेमा बाजारातून आली. तिला वाटलं, समोरच्या स्तोयांकानेच केक ठेवलाय. आमच्या गावात शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. दुसऱ्या दिवशी तिने माझ्यावर बुरेक, म्हणजे पातळ पोळीत खिमा भरून भाजलेली गुंडाळी, ठेवला आणि समोरचं दार वाजवलं.

"गरम आहे तोवर खा गं."

स्तोयांकाला वाटलं, ताटली रासेमाची. तिने मला घासून अक्रोडाची बिस्किटं भरून परत केली. झालं! ईदला पाकातला गोड बाकलावा, ईस्टरला लाल अंडी, अकरा वर्षं मी या दारातून त्या दारात. दोघीही विधवा, दोघींची मुलं परदेशी. दोन्ही स्वयंपाकघरांत मला एकच वाक्य ऐकू यायचं, "जपून हं, शेजारणीची ताटली आहे." मी चक्रावून जायचे. एका ताटलीच्या दोन शेजारणी, आणि मालकीण एकही नाही?

एकदा गालिचा झटकण्यावरून दोघींचं बिनसलं. तीन आठवडे अबोला. तेव्हा मी रासेमाकडे होते. ती पीठ मळत पुटपुटत होती, "शेजारीण गेली खड्ड्यात, पण ताटली रिकामी कशी देऊ?" तिने मला भरून स्तोयांकाच्या दारात ठेवलं, दार वाजवलं आणि पळाली. पळताना धापा टाकत हसत होती. भांडण नक्की कुठे संपलं, मला कळलंच नाही.

मागच्या उन्हाळ्यात वेरित्सा भेटायला आली. स्तोयांकाकडे तिघी कॉफी प्यायला बसल्या होत्या, मध्ये मी बिस्किटं घेऊन.

"अगं बाई, ही तर माझी!" वेरित्सा ओरडली. "हा टवका माझ्याच हातून उडालाय."

रासेमाने स्तोयांकाकडे पाहिलं. "म्हणजे तुझी नव्हे?"

"माझी? मी अकरा वर्षं तुझी म्हणून घासतेय!"

खूप हसल्या.

"घेऊन जा बाई, तुझी आहे," स्तोयांका म्हणाली. उरलेली बिस्किटं भरून तिने मला वेरित्साच्या हाती दिलं. वर वेरित्साच्या जुन्या घरी मी कान देऊन होते, पण त्या दिवशी खाली दार वाजलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी गेल्यावर या दोन दारांनी उघडायचं कशाच्या निमित्ताने?

तिसऱ्या सकाळी वेरित्सा पिशवी घेऊन जिना उतरत होती, आणि पिशवीत सगळ्यांत वर मी. तेवढ्यात रासेमा बाहेर आली. हातात तिचीच तपकिरी मातीची ताटली, वर बुरेक. तिने समोरचं दार वाजवलं.

"तुझी ताटली राहिली होती माझ्याकडे."

मी बघतच राहिले. ती ताटली रासेमाच्या फळीवर मी वर्षानुवर्षं पाहिली होती!

स्तोयांकाने ताटली हातात घेतली, उलटीपालटी केली. "तरीच म्हटलं कुठे गेली! मेलं काही आठवतच नाही हल्ली."

वेरित्सा जिन्यात उभी राहून डोळे पुसत होती.

ग्राट्सला मी महिनाभर कपाटात पडून होते. तिथे आपल्या समोरच्या दारात कोण राहतं, हे वेरित्साला अकरा वर्षांत ठाऊक झालं नव्हतं. एका रविवारी तिने चेरीचा केक केला, माझ्यावर ठेवला आणि ते दार वाजवलं. साखळी न काढताच एक म्हातारा डोकावला.

"माफ करा, तुमची ताटली आमच्याकडे राहिली होती."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. दोघंही सारखेच गोंधळलेले. शेवटी त्याने साखळी काढली.

चार दिवस झाले, मी इथेच आहे. तो मला धुतो, पुसतो, आपलं रिकामं कपाट उघडतो आणि पुन्हा बंद करतो. मित्रांनो, तुमच्या घरी कधी एखादी अनोळखी ताटली आली, तर ती कोणाची याचा फार शोध घेऊ नका. फक्त रिकामी परत पाठवू नका.

आज सकाळी तो बाजारात जाऊन आला. त्याने माझ्यावर चार सफरचंदं मांडली, केस विंचरले, आणि आता आम्ही दोघं वेरित्साच्या दारात उभे आहोत.