तेरावी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी डिझेल पिकअप आहे. सोनगीरच्या पलीकडे, जीवराम नानांच्या खळ्यात कडुनिंबाखाली उभी असते ती मीच.

मुळात मी पेट्रोलची जीप. पेट्रोल पिण्यात माझा हात कुणी धरू शकत नसे. म्हणून नानांनी मला धुळ्याला तोताराम मिस्त्रींकडे नेलं. त्यांनी मला डिझेल इंजिन बसवलं, पाठ कापून हौदा जोडला. मग काय! मी कापूस वाहिला, केळी वाहिली, चिखलात रुतलेल्या ट्रॉल्या ओढून काढल्या. कौतुक ऐकून नाना मिशीला पीळ देत आणि माझीही छाती फुगे.

मिस्त्री मात्र बजावत, "नाना, इंजिनमा जोर शे, पन क्लच जुनाच शे. जपीसन वढा." नानांनी ते कानाआड केलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या गावी बारागाड्या असतात. एकमेकींना बांधलेल्या, माणसांनी भरलेल्या बारा बैलगाड्या यादव भगत एकटे कमरेला दोर बांधून ओढतात. दिवस मावळायच्या आत त्या ओढल्या गेल्याच पाहिजेत, नाहीतर वर्ष वाईट जातं, असं गाव मानतं. त्याआधी बैल एकेक गाडी मैदानावर आणून लावत. १९८८ साली नाना म्हणाले, "बैल कशाले? मनी गाडी बठ्ठ्या एकदम वढी!"

बाराही गाड्या माझ्यामागे जोडल्या. लोक हौसेने आधीच चढून बसले. पोरं माझ्या हौद्यात शिरली. एकदा चढलं की गाड्या ओढून होईपर्यंत उतरायचं नाही, ही गावची रीत. नानांनी मला गिअरमध्ये टाकलं. इंजिन गरजलं, मी थोडी पुढे सरकले आणि जळका वास सुटला. क्लचप्लेट जळाली होती! मी मैदानाच्या तोंडाशीच अडकले. ऊन उतरू लागलं. नानांचा चेहरा एवढासा झाला.

"मनामुळे गावनी जत्रा बुडनी," ते स्वतःला दोष देत पुटपुटले.

यादव भगत हसले आणि तिथेच कमरेला दोर बांधू लागले. "आठूनच वढसू. आज हाई बी गाडीच शे. मांगे बांधी द्या."

खाली उभ्या लोकांनी मला सोडवून ढकलत शेवटच्या गाडीमागे नेलं आणि बांधलं. थांबल्यावर नानांनी सवयीने हँडब्रेक खेचला आणि ते पुढे भगतांकडे गेले. भगतांनी भंडारा उधळला, जोर लावला. गाड्या जागच्या हलेनात. पुन्हा जोर लावला. तरी नाहीत.

"देव कोपना!" कुणीतरी ओरडलं. नाना हात जोडून रडकुंडीला आले. मला कारण ठाऊक होतं, पण सांगणार कशी?

इतक्यात केसरबाई, नानांची बायको, मागून गरजल्या, "आहो, देवले काय बोलतस? पह्यले तुमना बिरेक सोडा!"

नानांनी धावत येऊन ब्रेक सोडला. भगतांनी जोर लावला आणि आम्ही तेराही जणी निघालो! सूर्य अजून टेकडीवर होता. मी एवढी कधीच हसले नव्हते.

पुढे मिस्त्रींनी मला जाड क्लच, दणकट गिअरबॉक्स बसवला, पुढच्या चाकांनाही जोर दिला. आता मी कितीतरी जास्त ओढते. तरी नाना मिस्त्रींना विचारल्याशिवाय ओझं जोडत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरीही रोज ओझं ओढणारं कुणीतरी असेल. त्याचा जोर ओळखा, आणि कधीतरी त्याला बसवून तुम्ही ओढा. दर आखाजीला नाना मला धुतात, हळदीकुंकू लावतात आणि बारागाड्यांच्या मागे बांधतात. वर्षभर मी सगळ्यांना ओढते, त्या दिवशी मला गाव ओढतं. आणि निघण्याआधी सगळं मैदान एका सुरात ओरडतं, "नाना, बिरेक सोडा!"