बॅरनचं घोरणं

विकम्बरी बुलडॉग मंडळाचे अध्यक्ष क्लिफर्ड ओक्स गेली आठ वर्षं दर शनिवारच्या चहापानात, तोंडात स्कोन-केकचा घास असतानाही, एकच गोष्ट ठासून सांगत: बुलडॉगचं घोरणं हा आजार नाही, तो घराण्याचा बाणा आहे. तरी मंडळाने दोन मतांच्या फरकाने नियम केलाच. कुत्र्याला तीन मिनिटं पळवून श्वास तपासायचा, नापास झाला तर त्याची पिल्लं मंडळात नोंदवायची नाहीत. पहिलाच नंबर लागला तो अध्यक्षांच्या बॅरनचा.

दवाखान्यात बाकावर खानदानी मंडळी बसली होती. लॅब्राडॉरवाल्या बाई कुत्र्याच्या दुखऱ्या खुब्यांबद्दल, डॅशहुंडवाले गृहस्थ मणक्याबद्दल आणि पगवाली तरुणी बाहेर आलेल्या डोळ्यांबद्दल असं बोलत होते, जणू वारशात मिळालेले दागिने दाखवताहेत. जातिवंत म्हटलं की थोडं दुखणं आलंच, यावर सगळ्यांचं एकमत होतं. कोपऱ्यात एक बिनजातीचं कुत्रं नुसती नखं कापून घ्यायला आलं होतं. त्याच्याकडे सगळ्यांनी दयेने पाहिलं.

मागच्या हिरवळीवर डॉक्टर प्रिचर्डबाईंनी घड्याळ लावलं. क्लिफर्ड पट्टा धरून बॅरनबरोबर पळू लागले. पहिलं मिनिट झोकात गेलं. दुसऱ्या मिनिटाला बॅरनच्या घशातून करवत चालल्यासारखा आवाज येऊ लागला. हाच आवाज क्लिफर्डनी सहा वर्षं उशाशी ऐकला होता आणि त्याला गाढ झोप म्हटलं होतं. त्यांनी खाली पाहिलं. बॅरनची जीभ जांभळी पडली होती. तरी तो त्यांच्याच तोंडाकडे बघत, बोटभर शेपूट हलवत पळत होता.

एक मिनिट उरलं असताना क्लिफर्ड मटकन गवतात बसले.

"काय झालं, मिस्टर ओक्स?"

"मला दम लागला," रोज सहा मैल सायकल मारणारे क्लिफर्ड म्हणाले.

प्रिचर्डबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि घड्याळ थांबवलं. बॅरनला पाणी पाजलं, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात पुन्हा घेऊ या."

"नको. नापास लिहा."

"पळणं पुरं झालं नाही. नापासाचं कारण काय लिहू?"

क्लिफर्डनी बॅरनच्या मानेवरच्या वळ्या कुरवाळल्या.

"आजार लिहा," ते म्हणाले.

बॅरन त्यांच्या बुटावर डोकं टेकून घोरू लागला होता. क्लिफर्डना ते ऐकवेना.